वायरलेस माऊस बंद पडला तर: सेलपासून सोल्डरपर्यंतची तपासणी

वायरलेस माऊस बंद पडला की लोक एकदम ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटरकडून माऊस चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागतात, नाहीतर रातोरात नवा माऊस मागवून मोकळे होतात. दोन्हीत घाई आहे. बिघाड बहुधा चारपैकी एका ठिकाणी असतो: माऊसमध्ये, डोंगलमध्ये (यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरमध्ये), माऊसखालच्या पृष्ठभागात किंवा कॉम्प्युटरमध्ये. नेमका कुठे आहे हे एकही सेटिंग न बदलता दहा मिनिटांत कळतं. ड्रायव्हरचा दोष असतोही, पण तो यादीत बराच खाली येतो. वर असतात उतरलेला किंवा गळलेला सेल, चुकीच्या जागी खोचलेलं डोंगल आणि काचेचं टेबल.

आधी आपला माऊस कुठल्या जातीचा आहे ते बघा. यूएसबीत नखाएवढं डोंगल लावावं लागत असेल तर तो २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ माऊस. डोंगलच नसेल तर ब्लूटूथ. काही माऊसमध्ये दोन्ही सोयी असतात आणि पोटावर एक छोटं बटण किंवा १, २, ३ असे दिवे असतात. तो प्रकार असेल तर बाकी काही करण्याआधी तेच बटण तपासा. माऊस बॅगेत कोंबताना हे बटण दाबलं जातं, माऊस दोन नंबरवर जातो आणि तिथे जोडलेलं काहीच नसल्यामुळे मेल्यासारखा पडून राहतो. पोटावरचा चालू-बंदचा खटकाही याच वेळी बघून घ्या. सहसा हिरवी पट्टी दिसली म्हणजे चालू, लाल दिसली किंवा काहीच दिसलं नाही म्हणजे बंद.

लक्षणावरून काय ओळखायचं

कर्सर हलतच नाही आणि क्लिकही लागत नाही, तर सेल, डोंगल किंवा जोडणी. कर्सर हलत नाही पण क्लिक लागतं (बाण एखाद्या फोल्डरवर असताना डबल-क्लिक केलं की फोल्डर उघडतं), तर जोडणी उत्तम आहे आणि दोष सेन्सरमध्ये किंवा टेबलात आहे. कर्सर हलतो पण क्लिक लागत नाही किंवा एकाची दोन क्लिक होतात, तर बटणाखालचा मायक्रोस्विच गेला आहे. कर्सर अडखळत, उड्या मारत चालतो, तर रेडिओचा अडथळा किंवा उतरत आलेला सेल. चार-पाच मिनिटं हात लावला नाही की बंद पडतो आणि क्लिक केल्यावर क्षणभराने जागा होतो, तर तो बिघाड नाही. सेल वाचवण्यासाठी माऊस झोपतो. क्लिक करूनही उठत नसेल तर मात्र विंडोजची वीजबचत तपासावी लागेल, ते पुढे येईल.

लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट आधीच करा. टचपॅडवर बोट फिरवून बघा. टचपॅडचा कर्सरही अडखळत असेल तर माऊस निर्दोष आहे. मागे विंडोजचं अपडेट किंवा अँटीव्हायरसचं स्कॅन चालू असेल, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, म्हणजे कोण खातंय ते दिसेल.

माऊस नसताना कॉम्प्युटर कसा चालवायचा

डेस्कटॉपवाल्यांची खरी पंचाईत इथेच होते. माऊस दुरुस्त करायच्या सेटिंगपर्यंत जायलाच माऊस लागतो, असं वाटतं. लागत नाही. कीबोर्डला नंबरांचा वेगळा कप्पा असेल तर डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा. एक खिडकी येऊन विचारेल, एंटर दाबा. आता नंबर कप्प्यातले ८, २, ४, ६ हे आकडे कर्सरला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे नेतात आणि ५ म्हणजे क्लिक. संथ आहे, पण काम भागतं.

छोट्या कीबोर्डवर टॅबने एका बटणावरून दुसऱ्यावर जायचं, स्पेसने टिकमार्क लावायचा किंवा काढायचा, एंटरने उघडायचं, शिफ्ट आणि एफ-१० ने राइट-क्लिकचा मेनू आणायचा. विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबून मग एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. त्यात वर-खालच्या बाणांनी फिरा, उजव्या बाणाने फांदी उघडते. प्रॉपर्टीजच्या खिडकीत एका टॅबवरून दुसऱ्यावर जायला कंट्रोल आणि टॅब.

आणि घरात एक साधा वायरवाला माऊस ठेवाच. अडीचशे-तीनशे रुपयांत येतो आणि अशा दिवशी त्याची किंमत कळते.

सेल: इथे वेळ घालवा

‘परवाच तर नवा सेल टाकला’ हे वाक्य दुरुस्तीवाल्यांना रोज ऐकू येतं. पण नवा म्हणजे कुठला? किराणा दुकानात बरणीतून काढून देतात तो स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. त्याच्यावर ‘हेवी ड्यूटी’ असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचून माणूस फसतो. हे सेल घड्याळाला ठीक. माऊसला अल्कलाइन घ्या, वेष्टनावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. अल्कलाइनची क्षमता कितीतरी जास्त असते आणि माऊस रेडिओने बोलताना क्षणभर जो जास्त करंट ओढतो तो त्याला झेपतो. झिंक-कार्बनचा व्होल्टेज त्या झटक्यात खाली बसतो. म्हणून कर्सर आधी अडखळतो आणि मग माऊस मधूनच बंद पडतो, पण तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात आणखी महिनोन्‌महिने चालतो. ‘घड्याळात चालतोय म्हणजे सेल चांगला’ ही परीक्षा त्यामुळे फोल आहे.

मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर लावून मोजा. नवा अल्कलाइन १.५ ते १.६ च्या आसपास दाखवतो. १.३ म्हणजे बरंच आयुष्य संपलं. १.२ च्या खाली गेला तर बदला. रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेलची गोष्ट वेगळी. तो मुळातच १.२ व्होल्टचा, वापरात बहुतेक वेळ १.२ ते १.२५ दाखवतो. म्हणून असा सेल घातला की माऊसचं सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडतं. माऊस नीट चालत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा.

मीटर नसेल तर अल्कलाइन सेलसाठी एक युक्ती आहे. सेल सपाट टोक खाली धरून दोन-तीन सेंटिमीटर उंचीवरून फरशीवर किंवा कडक टेबलावर सोडा. ताजा सेल ‘थप्प’ करून बसतो, फारसा उसळत नाही. वापरलेला टणकन उसळतो, कारण आतली झिंकची जेल वापरानंतर झिंक ऑक्साइड होऊन घट्ट झालेली असते. उसळला म्हणजे पुरता संपला असं नाही, पण निम्म्याच्या आसपास तरी उतरला असं धरून चाला. झिंक-कार्बन आणि रिचार्जेबल सेलना ही परीक्षा लागू नाही.

आता संपर्काच्या पट्ट्या. सेलचं झाकण उघडून स्प्रिंग आणि समोरची पत्रीची पट्टी उजेडात बघा. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत जेवढा ओलावा असतो, त्यात निकेलचा पातळ मुलामा असलेल्या स्प्रिंगा गंजतात, आणि समुद्राकाठच्या घरांत हे बाराही महिने चालू असतं. तीन गोष्टी दिसू शकतात: तांबूस गंज, हिरवट-निळसर थर किंवा पांढरी भुकटी. पांढरी भुकटी म्हणजे सेल गळला आहे. अल्कलाइनमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेशी संयोग पावतं आणि पोटॅशियम कार्बोनेटची ही भुकटी जमते. कातडीला आणि डोळ्यांना ती जळजळते, म्हणून उघड्या बोटाने खरवडू नका.

साफ करण्याची रीत अशी. खटका बंद करा, सेल काढा, हातमोजे घाला किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. कान साफ करायच्या बडवर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घ्या, जास्त नको. रस सर्किटवर ओघळला तर गळलेल्या सेलपेक्षा तोच जास्त नुकसान करेल. बड पट्टीवर फिरवला की बारीक फेस येतो. फेस थांबेपर्यंत नवे बड घेऊन पुसत राहा. मग दुसऱ्या बडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सगळं पुसून काढा, नाहीतर उरलेलं आम्ल पट्टी खात बसतं. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं घ्या. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं. अर्धा तास पंख्याखाली सुकू द्या. गळलेला सेल झिंक-कार्बनचा असेल तर द्राव आम्लधर्मी असतो. तिथे व्हिनेगरने काही साधत नाही, चिमूटभर खाण्याचा सोडा थेंबभर पाण्यात कालवून बडने लावा आणि मग अल्कोहोलने पुसा.

सुकल्यावर पट्टी पेन्सिलच्या खोडरबराने घासा. धातू चमकला की पुरे. सँडपेपर जपून वापरा, मुलामा निघाला तर पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येईल. शेवटी टाचणीने स्प्रिंग किंचित बाहेर ओढा. स्प्रिंग दबलेली असेल तर सेल नवा असूनही टेकत नाही, आणि माऊस टेबलावर आपटला की चालू होतो. हे आपटून चालू होणं जवळजवळ नेहमी सैल संपर्काचंच लक्षण असतं.

चार्जिंगवाला माऊस असेल तर केबल तपासा. टाइप-सी पोर्ट असलेले अनेक स्वस्त माऊस लॅपटॉपच्या किंवा फोनच्या सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाहीत. पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर असतील तरच समोरचा चार्जर वीज सोडतो, आणि पैसे वाचवण्यासाठी ते बसवलेले नसतात. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की तोच माऊस गुमान चार्ज होतो. माऊसची पाठ फुगल्यासारखी वाटली, झाकण नीट बसेनासं झालं तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, दाबू नका, टोचू नका.

डोंगल आणि फोनची परीक्षा

सेल ठीक निघाला की डोंगल. ते काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. बाहेरचा हब असेल तर त्यातून काढून थेट कॉम्प्युटरला लावा, वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबवर दोन-तीन वस्तू असल्या की डोंगलला पुरेशी वीज मिळत नाही. डोंगल लावताना विंडोजचा तो ‘टुंग’ आवाज येतो का ऐका. आवाज आला म्हणजे कॉम्प्युटरला डोंगल दिसलं.

याहून पक्की परीक्षा फोनवर होते. अँड्रॉइड फोनला ओटीजी अडॅप्टर (फोनच्या पोर्टला यूएसबीची वस्तू जोडू देणारा) लावा, त्यात डोंगल खोचा, माऊस चालू करा. पडद्यावर छोटा बाण आला आणि हलला, तर माऊस आणि डोंगल दोन्ही धडधाकट आहेत, दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या आसपास आहे. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही तर ते आपोआप बंद होतं. बाण आला नाही तर आधी तेवढं बघा. ओटीजी अडॅप्टर पन्नास-शंभर रुपयांचा. दुकानात जुना माऊस घेऊन जाण्यापेक्षा ही तपासणी घरीच उरकते.

फोनवरही चालला नाही तर जोडणी तुटलेली असू शकते. काही माऊसना पोटाखाली ‘कनेक्ट’ बटण असतं. डोंगल काढून पुन्हा लावा, दहा सेकंदांच्या आत ते बटण दाबून धरा, माऊस डोंगलच्या वीतभर अंतरात ठेवा. बटण नसेल तर सेल काढून, डावं आणि उजवं बटण काही सेकंद दाबून ठेवून, मिनिटभराने सेल परत घाला. अडकून बसलेली चिप यातून नव्याने सुरू होते.

डोंगल हरवलं असेल तर मात्र निराशा आहे. स्वस्त माऊसचं डोंगल कारखान्यात त्याच्याशीच जोडलेलं असतं, त्याच कंपनीचं दुसरं आणून चालत नाही. अपवाद मोजके. लॉजिटेकच्या माऊसवर नारिंगी ताऱ्यासारखी खूण असेल तर तो युनिफाइंग, आणि विजेची खूण असेल तर बोल्ट. या दोन्हींची डोंगल सुटी मिळतात आणि एका डोंगलला सहा वस्तूंपर्यंत जोडता येतात. मात्र युनिफाइंगचा माऊस बोल्टच्या डोंगलवर चालत नाही, उलटही नाही. जोडणीचं सॉफ्टवेअर कंपनीच्याच साइटवरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाखाली फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून चार हात लांब राहा.

गर्दीच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांनी डोंगल लॅपटॉपला लावून ठेवू नये. बाहेर आलेला तो टोकाचा भाग बॅगेत दाबला जाऊन वाकतो, आणि कधी डोंगलपेक्षा पोर्टचंच नुकसान जास्त होतं. माऊसच्या पोटात डोंगल ठेवायची खाच असते, तिथे ठेवा आणि खटका बंद करा. चालू माऊस बॅगेत प्रत्येक धक्क्याला जागा होत राहतो, चर्चगेटपासून विरारपर्यंत, आणि सेल रोज थोडा थोडा उगाच जातो.

रेडिओचा अडथळा

माऊसचं डोंगल, ब्लूटूथ, वाय-फायचा जुना पट्टा आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. मुंबईतल्या बिल्डिंगमध्ये वाय-फायची यादी उघडा, शेजारच्या, वरच्या, खालच्या मजल्यांची वीसेक नावं दिसतील. वन रूम किचनमध्ये ओट्यावरचा मायक्रोवेव्ह आणि कामाचं टेबल यांच्यात एक पातळ भिंत असते. जेवण गरम करताना कर्सर उड्या मारतो आणि ‘टिंग’ झाल्यावर सुधारतो, तर कारण शोधायला लांब जायला नको. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ असेल तर लॅपटॉप आणि फोन त्याच्यावर न्या. तेवढ्यानेही २.४ वरची गर्दी बरीच कमी होते.

पण माऊसचा सर्वांत मोठा शत्रू राउटर नाही, निळा यूएसबी पोर्ट, म्हणजे यूएसबी ३.०, आहे. यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने चालताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतो. इंटेलने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. पोर्टला लागूनच बाहेरची हार्ड डिस्क असेल आणि तिची केबल स्वस्तातली असेल तर हा गोंगाट थेट डोंगलच्या कानात होतो. ओळखायची खूण सोपी: मोठी फाइल कॉपी करायला लावा, माऊस अडखळू लागला आणि कॉपी संपल्यावर सरळ झाला की चोर सापडला.

उपाय एकच, डोंगल तिथून लांब न्यायचं. डिस्क एका बाजूला आणि डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला. काळ्या किंवा पांढऱ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये असेल तर उत्तम. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल. डोंगल तिच्या टोकाला लावून माऊसपासून वीत-दोन वितींवर टेबलावर ठेवा. टेबलाखाली लोखंडी कॅबिनेट, त्याच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून डोंगल, वर स्टीलचं टेबल, अशी मांडणी ऑफिसांत सर्रास दिसते. तिथे कुठलाही माऊस नीट चालला तर तोच चमत्कार. शंभर-दीडशेची ही केबल तिथे नव्या माऊसपेक्षा जास्त काम करते.

टेबल आणि सेन्सर

माऊस उलटा करा. लाल दिवा दिसत असेल तर सेन्सरला वीज आहे. दिसत नसेल तरी मेला असं नाही, अनेक माऊसमध्ये डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा असतो. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलं की तो पुष्कळदा फिकट जांभळा दिसतो. दिव्याकडे थेट डोळा लावून बघू नका.

सेन्सर म्हणजे सेकंदाला हजारो छोटे फोटो काढणारा कॅमेरा. दोन फोटोंत किती फरक पडला त्यावरून माऊस किती हलला हे तो ठरवतो. काचेच्या डायनिंग टेबलावर, पॉलिश केलेल्या काळ्या कडप्प्यावर किंवा चकचकीत सनमायकावर त्याला पकडायला खूणच मिळत नाही. मॅट कापडी पॅड ठेवा. तूर्तास एक साधा पांढरा कागदही चालतो, त्याच्यावर कर्सर सरळ चालला तर दोष टेबलाचाच.

भिंगाच्या भोकात एखादा केस किंवा कापडाचा धागा गेला तरी कर्सर आपोआप सरकतो, थरथरतो. कोरड्या बडने हलक्या हाताने काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार भिंगावर बसतात.

ब्लूटूथचा माऊस

सेटिंगमध्ये ब्लूटूथची यादी उघडून माऊसच्या नावापुढे ‘रिमूव्ह डिव्हाइस’ करा. मग माऊसचं जोडणीचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत, साधारण तीन सेकंद, दाबून धरा आणि नव्याने जोडा. नुसतं बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही, दोन्हीकडे साठवलेली किल्ली (जोडणीचा गुप्त कोड) एकमेकींशी जुळत नसेल तर जुनी नोंद पुसावीच लागते. लॅपटॉपचा एअरप्लेन मोड चुकून दाबला गेला नाही ना, हेही बघा. एकच माऊस लॅपटॉप आणि फोन दोन्हींना जोडला असेल आणि फोन जवळच असेल तर तो फोनकडेही गेलेला असू शकतो. मॅकवरही रीत हीच, सिस्टिम सेटिंग्जमधल्या ब्लूटूथमध्ये ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडायचं.

ब्लूटूथ माऊस विंडोज चालू होण्याआधीच्या पडद्यांवर सहसा चालत नाही. तिथे चालला नाही म्हणून घाबरू नका.

आता विंडोज

इथवर येऊन फोनवर चालणारा माऊस कॉम्प्युटरवर चालत नसेल, तरच इथे हात घाला. पहिलं पाऊल रीस्टार्ट, आणि ते रीस्टार्टच हवं. शट डाउन करून पुन्हा चालू केलं तर विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे मागची अवस्था डिस्कवर ठेवून तीच परत उचलतं, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट.

नाही सुधारलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस’ उघडा. तिथल्या माऊसवर राइट-क्लिकने ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, डोंगल काढा, रीस्टार्ट करा, डोंगल लावा. ड्रायव्हर आपोआप परत बसतो. यादीत दोन-तीन ‘एचआयडी-कंप्लायंट माऊस’ दिसले तर टचपॅडही त्यातलाच एक असू शकतो, म्हणून आधी डोंगल काढल्यावर कुठलं नाव गायब होतं ते बघा आणि तेच काढा. यूएसबीच्या फांदीतले ‘रूट हब’ अनइन्स्टॉल करू नका. डेस्कटॉपवर त्यासोबत कीबोर्डही जातो आणि मग खरंच अडकायला होतं. अपडेटनंतर लगेच बिघाड सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीजच्या ड्रायव्हर टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येतं का बघा.

झोपून न उठणाऱ्या माऊससाठी ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’मध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथल्या पॉवर मॅनेजमेंटमधली पहिली टिक, वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू देणारी, काढून टाका. नव्या लॅपटॉपवर हा टॅब कधी कधी दिसतच नाही. तेव्हा कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ सापडतो का बघा आणि बंद करा. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल, इतकंच.

ऑफिसच्या लॅपटॉपवर डोंगल लावून आवाजच येत नसेल, पण फोनवर तेच चालत असेल, तर यूएसबी कंपनीच्या धोरणाने बंद केलेलं असू शकतं. तिथे आयटीवाल्यांना फोन करा, स्वतः खटपट करू नका.

एकाची दोन क्लिक, आणि चाक

एक क्लिक केलं की फाइल उघडते, ओढून नेताना मध्येच सुटते. हा मायक्रोस्विचचा रोग. आतली तांब्याची बारीक पत्री लाखो क्लिकनंतर झिजते, तिच्यावर ऑक्साइड चढतो आणि ती टेकताना थरथरते. कॉम्प्युटरला त्या थरथरीची दोन क्लिक वाटतात. सॉफ्टवेअरने हे कायमचं सुटत नाही.

उघडायचं असेल तर स्क्रू शोधावे लागतात. ते सेलच्या कप्प्यात, स्टिकरखाली किंवा पोटावरच्या गुळगुळीत टेफ्लॉनच्या चकत्यांखाली दडलेले असतात. चकत्या हेअर ड्रायरने थोड्या गरम करून जपून सोडवा. बारीक चौफुली स्क्रूड्रायव्हर लागतो. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. वरच्या झाकणातलं सर्किट आणि खालचं सर्किट यांच्यात चपटी पातळ केबल असू शकते, म्हणून झाकण झटक्यात ओढायचं नाही.

तीन पायांचा मायक्रोस्विच सोल्डरिंग गनने काढून नवा बसवता येतो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, हे स्विच सुटे मिळतात. जुना नमुना खिशात घेऊन जा, कारण दांड्याची उंची आणि पायांतलं अंतर तंतोतंत जुळावं लागतं. नवा स्विच मिळाला नाही तर एक मधला मार्ग आहे. मधलं चाकाचं किंवा उजवं बटण क्वचित वापरात असेल तर आणि त्याचा स्विच तसाच असेल तर तो डाव्याच्या जागी लावून घ्या. दुरुस्तीवालाही हे काम पाच मिनिटांत करतो.

चाक फिरवताना पान खाली जाता जाता मध्येच वर उडी मारत असेल तर चाकाशेजारच्या एन्कोडरमध्ये, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या भागात, धूळ आणि वंगण साचलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा त्याच्या फटीत मारा, चाक वीस-पंचवीस वेळा फिरवा, वाळू द्या. दाराच्या बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे इथे नको. दोन दिवस बरं वाटतं आणि मग त्या तेलाला धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट होतं.

दुरुस्त करायचा की टाकायचा

पाचशे-सहाशेच्या माऊसवर मजुरी देऊन स्विच बदलून घेणं परवडत नाही. स्वतः करणार असाल तर जरूर करा. दोन-तीन हजारांच्या माऊसवर मात्र ही दुरुस्ती नक्की करावी, सेन्सर सहसा स्विचच्या आधी जात नाही. वॉरंटी कंपनी आणि मॉडेलप्रमाणे एक ते तीन वर्षांची असते. ऑनलाइन मागवलेल्याचं बिल खात्यात पडून असतं, ते काढून तारीख बघायला विसरू नका. बदलून देताना डोंगलही मागतात, ते सोबत ठेवा.

नवा घेताना दुकानातच त्यांच्या काउंटरच्या काचेवर एकदा फिरवून बघा. काचेवर चालला तर घरच्या टेबलाची चिंता मिटली. पेन्सिल सेलचा की बारीक पेन्सिलचा, हेही विचारा. जाडा सेल जास्त दिवस जातो, आणि हाताला जाणवणारं वजन वगळता त्यात खोट नाही.

जुना माऊस टाकताना आधी सेल काढा. दोन्ही ओल्या-सुक्या कचऱ्यात जायला नकोत. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. सोसायटीत ई-कचऱ्याचा डबा किंवा ठरावीक दिवसाचं संकलन असेल तर त्यात द्या. गळलेला सेल द्यायच्या आधी त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा.